संगणकाच्या भाषेत ‘म्हणे’ नाही

एखाद्या इंग्रजी भाषणाचं मराठी करायला बसलं की ‘वी’ या चिमुकल्या शब्दापाशी हमखास अडतं. ‘आम्ही’ लिहायचं की ‘आपण’? ऐकणाऱ्याला त्यात धरलं आहे की वगळलं आहे, हे मूळ वाक्यात कुठेच सांगितलेलं नसतं. ‘यापुढे आपल्याला जास्त कर भरावा लागेल’ आणि ‘यापुढे आम्हाला जास्त कर भरावा लागेल’ ही दोन वाक्यं बोलणारे मंत्री अगदी वेगळे. इंग्रजी बोलणाऱ्या मंत्र्याला हा निर्णय टाळता येतो, लोकांना हवं ते समजू देता येतं. मराठी मंत्र्याला मात्र व्याकरणच धरून उभं करतं आणि विचारतं, बाबा रे, समोरच्याला धरलंस की नाही?

मराठीत अशा सक्ती अनेक आहेत. इंग्रजीत ‘डॉक्टर आले’ हे ती बाई आहे की पुरुष, आणि आपल्याला तिच्याविषयी आदर आहे की नाही, हे न सांगता म्हणता येतं. मराठीत ‘आला’, ‘आली’, ‘आले’, ‘आल्या’ यांतलं एक काहीतरी निवडावंच लागतं. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाचा भर नेमका या सक्तीवर होता. जगातल्या कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं, दोन शब्द जास्त घालावे लागतील एवढंच. पण काय न सांगता पुढे जाता येत नाही, हे भाषेगणिक बदलतं, आणि बोलणाऱ्याचं लक्ष रोज कुठे वळतं हे त्यावर ठरतं.

हाच प्रश्न मला प्रोग्रामिंगच्या भाषांना विचारायचा आहे. माणसाच्या भाषेकडून प्रोग्रामिंगच्या भाषेने काय शिकावं, ही चर्चा सत्तरएक वर्षं चालू आहे. त्यातली बरीचशी शब्दांभोवती फिरते, व्याकरणाच्या सक्तीपर्यंत क्वचितच पोहोचते. आणि आज कोणाला धान्य मिळणार, कोणाचं पेन्शन थांबणार हे जर संगणकावर चालणारा मजकूर ठरवत असेल, तर तो मजकूर ज्या भाषेत लिहिला जातो तिची सक्ती कशाची आहे, हा नुसता तांत्रिक प्रश्न उरत नाही.

शब्दांची उसनवारी कशी झाली ते थोडक्यात पाहू. १९५९ साली कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली. तिच्यामागे ग्रेस हॉपर यांचं आधीचं काम होतं, फ्लो-मॅटिक नावाच्या भाषेवरचं. हॉपर यांचं म्हणणं असं, की हिशेब आणि व्यापार पाहणाऱ्या माणसांना बीजगणिताची चिन्हं नको असतात, त्यांना सरळ इंग्रजी द्या. म्हणून कोबोलमध्ये ‘सब्ट्रॅक्ट डिस्काउंट फ्रॉम प्राइस गिव्हिंग नेट-प्राइस’ असं लिहायचं. वाचताना वाटतं, हे तर कोणालाही कळेल. कळतंही. पण ते लिहायला बसलेल्या माणसाला लवकरच उमगतं, की ‘फ्रॉम’च्या जागी दुसरा जवळचा शब्द चालत नाही आणि वाक्यातला क्रम हलवता येत नाही. बाह्यरूप इंग्रजी, आत तीच वजाबाकी.

गंमत म्हणजे हे हॉपर यांना स्वतःला पुरतं ठाऊक होतं. आपल्या कंपनीच्या वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्राम इंग्रजीऐवजी फ्रेंच आणि जर्मन शब्द घालून चालवून दाखवला. त्यांना वाटलं, वरिष्ठ खूश होतील. वरिष्ठ हादरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजते ही कल्पनाच त्यांना झेपेना. हॉपर ही गोष्ट पुढे मोठ्या मजेने सांगत. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे नुसत्या खुणा, कोणत्याही चालतील. मराठीत ‘जर-तर-नाहीतर’ घालून प्रोग्रामिंगची भाषा करता येते, हौशी लोकांनी भारतीय भाषांत असे प्रयोग केलेही आहेत. शिकणाऱ्या मुलाला त्याचा आधार वाटत असेल तर उत्तमच. पण त्याने भाषेच्या रचनेत तसूभरही फरक पडत नाही.

एड्सगर डाइक्स्ट्रा यांना तर ही सगळी कल्पनाच मूर्खपणाची वाटे, आणि तशा शीर्षकाचं एक टिपणच त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचा मुद्दा साधा आणि जबर आहे. नैसर्गिक भाषेत अर्थहीन गोष्ट सहज, सफाईने आणि कोणाच्या लक्षात न येता बोलता येते. चिन्हांच्या भाषेत तसं करणं अवघड जातं. त्यामुळे चिन्हांचा काच हा काच नसून सवलत आहे. मला हे बहुतांशी पटतं. पण डाइक्स्ट्रा यांच्यासमोर जी नैसर्गिक भाषा होती ती सैल, मोघम, गप्पांची भाषा होती. भाषा सैल असते तशीच ती कमालीची काटेकोरही असते. ज्या गोष्टींची तिने सक्ती केलेली असते त्यांच्याबाबत तर ती कुठल्याही कंपायलरला हार जाणार नाही. पाच वर्षांचं मराठी मूल ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत गल्लत करत नाही.

भाषेचा हा काटेकोर भाग उचलून यंत्रणा उभी करण्याचं जुनं उदाहरण आपल्या घरात आहे, पण त्याचं नाव घेतलं की ‘नासाने सांगितलंय, संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा’ हे वाक्य मागोमाग येतंच. ते एकदाचं बाजूला ठेवू. १९८५ साली रिक ब्रिग्ज यांचा एक लेख ‘एआय मॅगझिन’मध्ये आला. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची जी पद्धत घडवली, तिचं ज्ञान मांडण्याच्या तेव्हाच्या संगणकीय पद्धतींशी साम्य आहे, असं त्यात होतं. ब्रिग्ज नासाशी संबंधित संशोधन संस्थेत होते. एवढ्या ऐवजावर ती अफवा अजून जगते आहे.

पाणिनीकडून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच आणि त्या अफवेपेक्षा कितीतरी मनोरंजक. त्याला नियम लिहायचे होते: अमुक ध्वनीच्या जागी तमुक येतो, जर पुढे अमका असेल तर. ‘अति’ आणि ‘अंत’ जवळ आले की ‘अत्यंत’ होतं, म्हणजे पुढे स्वर असताना ‘इ’च्या जागी ‘य’ येतो. ‘च्या जागी’, ‘च्या पुढे’, ‘च्या आधी’ यांसाठी पाणिनीने नवी चिन्हं शोधली नाहीत. त्याने संस्कृतच्या विभक्ती घेतल्या आणि त्यांना पक्के तांत्रिक अर्थ दिले. षष्ठी म्हणजे याच्या जागी, पंचमी म्हणजे याच्यानंतर, सप्तमी म्हणजे हे पुढे असताना. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात न लिहिता चालू राहतो, ती अनुवृत्ती. सुमारे चार हजार सूत्रांचं ते व्याकरण एवढं आटोपशीर झालं याचं एक मोठं कारण ते. अनुवृत्तीही पंडिती करामत नाही. ‘कांदे घ्या, सोला, बारीक चिरा, तेलात परता’ असं सांगणारी प्रत्येक आजी ती वापरते. कांदे एकदाच.

संगणकाच्या जगात हा धडा ज्याने मनापासून घेतला तो माणूस भाषाशास्त्र शिकलेला होता हा योगायोग नाही. १९८७ साली पर्ल ही भाषा काढणाऱ्या लॅरी वॉल यांनी तिच्यात चक्क सर्वनाम आणलं. डॉलर आणि अंडरस्कोर मिळून होणारी ती खूण, अर्थ साधारण ‘ते’, म्हणजे आत्ता ज्याच्याविषयी चाललं आहे ते. एकवचन-अनेकवचनाच्या कल्पनेवरून त्यांनी संदर्भानुसार अर्थ बदलणारी पदं आणली. पर्लची चेष्टा पुष्कळ झाली, लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी वाचता येत नाही म्हणून. त्यात तथ्य आहे. सर्वनामाचा घोळ आपल्यालाही ठाऊक आहे: ‘रमेशने सुरेशला त्याच्या घरी सोडलं’ यातलं घर सुरेशचं की तिसऱ्याच कोणाचं? रमेशचं घर असतं तर मराठी ‘आपल्या घरी’ म्हणाली असती. एवढी सोय पर्लच्या ‘ते’ला नाही. पण वॉल यांनी अजून एक गोष्ट पर्लमध्ये घातली, जिची चेष्टा होत नाही कारण तिची आठवणच फारशी निघत नाही. तिच्याकडे परत येईन.

त्याआधी, आजच्या प्रोग्रामिंग भाषा कशाची सक्ती करतात ते पाहू. मुख्यतः जातीची. हा पूर्णांक आहे, ही अक्षरांची माळ आहे, ही तारीख आहे. ‘पाच’ ही अक्षरं आणि ५ हा आकडा यांची बेरीज करू गेलात तर शिस्तीच्या भाषा तिथल्या तिथे हात धरतात. पण ५ म्हणजे पाच काय, हे बहुतेक भाषा विचारत नाहीत. १९९९ साली मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं एक यान नष्ट झालं, कारण एका बाजूचा प्रोग्राम पौंडांच्या मापात आकडे देत होता आणि दुसऱ्या बाजूला ते न्यूटनच्या मापातले धरले जात होते. आकडे बरोबर होते. एफ-शार्पसारख्या एखाद्या भाषेत आता मापंही जातीचा भाग म्हणून लिहिता येतात.

दुसरी सक्ती हळूहळू येते आहे ती ‘नाही’ची. वस्तूचा पत्ता म्हणून ‘काहीच नाही’ हेही चालेल, अशी सोय टोनी होअर यांनी १९६५ साली एका भाषेत ठेवली, करायला सोपी होती म्हणून. २००९ साली एका भाषणात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, कारण त्या ‘काहीच नाही’वर आपटून तेव्हापासून असंख्य प्रोग्राम कोसळले. आता रस्टसारख्या भाषा बजावतात: इथे काही नसण्याची शक्यता असेल तर तसं आधी सांग, आणि वापरण्यापूर्वी दोन्ही शक्यतांचं काय करणार तेही सांग.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे ‘नाही’ आणि ‘नको’ वेगळे आहेत. ‘नव्हे’ही आहे, जरी तो आता लेखी भाषेतच जास्त भेटतो: ‘इथे डॉक्टर नाहीत’ आणि ‘हे डॉक्टर नव्हेत’ यांतला भेद पूर्वी बोलण्यातही पाळला जाई. डेटाबेसमध्ये मात्र रिकामा रकाना एकाच प्रकारचा. ‘वडिलांचा फोन’ या रकान्यात काही नाही, म्हणजे वडिलांकडे फोन नाही? आहे पण नंबर माहीत नाही? वडील हयात नाहीत? की द्यायचा नाही? आजच्या डेटाबेसचा पाया घालणारे एडगर कॉड यांनाही हे खुपत होतं. ‘मूल्य आहे पण माहीत नाही’ आणि ‘इथे मूल्य असूच शकत नाही’ या दोन रिकामपणांना दोन वेगळ्या खुणा द्याव्यात, असं त्यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात मांडलं. व्यवहारात ते रुजलं नाही. दोन रिकामपण सांभाळण्याचा त्रास कोणाला नको होता.

आता मूळ मुद्द्याकडे. जगातल्या पुष्कळ भाषांमध्ये एक सक्ती अशी आहे, जी आपल्या ओळखीच्या कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेत नाही: हे तुला कसं कळलं, ते सांग.

मराठीत त्यासाठी साधनं आहेत. ‘पाऊस पडला.’ ‘पाऊस पडला म्हणे.’ ‘पाऊस पडला असावा.’ ‘पाऊस पडलाय वाटतं.’ पहिलं मी पाहिलं, दुसरं ऐकलं, तिसरं ओल्या अंगणावरून ताडलं, चौथ्यात ताडतानाही मी थोडी माघार घेतली. ‘म्हणे’ हा फार गुणी शब्द आहे. कोण म्हणे, कोणाला म्हणे, काही सांगत नाही. फक्त एवढंच बजावतो, की मी तिथे नव्हतो, माझ्या नावावर हे खपवू नका. पण मराठीत तो ऐच्छिक आहे. ‘म्हणे’ न लावता गावगप्पा सांगता येतात, आणि लोक सांगतातच.

तुर्कीमध्ये ही ढील बरीच कमी. भूतकाळाचे दोन प्रत्यय: ‘गेल्दी’ म्हणजे तो आला, ‘गेल्मिश’ म्हणजे आला असं कळलं किंवा दिसतंय. कोलंबिया-ब्राझीलच्या सीमेवर बोलली जाणारी तुयुका भाषा तर पाच पर्याय समोर ठेवते: डोळ्यांनी पाहिलं, इतर इंद्रियांनी जाणवलं, खुणांवरून ताडलं, कोणी सांगितलं, किंवा असंच असणार असं गृहीत धरलं. यांतला एक निवडल्याशिवाय घडलेली गोष्ट सांगणारं वाक्य पुरं होत नाही. आँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेविषयी मार्था हार्डमन यांनी नोंदलेली गोष्ट मला फार आवडते. बाहेरून आलेले मिशनरी आदमाने फळ खाल्लं हे सांगताना प्रत्यक्ष पाहिल्याचं रूप वापरत. ऐकणाऱ्यांना प्रश्न पडे, हा गृहस्थ तिथे हजर होता की काय? त्या भाषेत तो चक्क खोटं बोलत होता.

आपल्याकडे हा भेद व्याकरणाने सक्तीचा केला नाही, पण तत्त्वज्ञानाने शतकानुशतकं त्यावर वाद घातला. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. बौद्ध तार्किकांना दोनच पुरेत. चार्वाकाला एकच, आणि अनुमानावर त्याचा जो अविश्वास आहे तो आकडेवारीच्या या काळात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कोणतं प्रमाण ग्राह्य यावर एकमत कधीच झालं नाही. पण ज्ञान कुठल्या वाटेने आलं हा प्रश्न विचारायचाच नाही, असं यांतलं कोणीही म्हणालं नाही. धूर पाहून डोंगरावर आग आहे असं म्हणणाऱ्याला ‘तू आग पाहिलीस का’ असं विचारायचा समोरच्याचा हक्क सर्वांना मान्य होता.

प्रोग्राममध्ये हा हक्क कुठे जातो? १००० हा आकडा कोणी पगाराच्या पावतीवरून भरला, की दुसऱ्या खात्याने कळवला, की भागाकार करून काढला, एकदा तो रकान्यात पडला की १०००च. पुढची प्रत्येक आज्ञा त्याला सारखाच मान देते. भागाकार करणाऱ्या ओळीला ठाऊक असतं की आपण अंदाज बांधला, तिच्या पुढच्या ओळीला ते ठाऊक नसतं.

ऑस्ट्रेलियात काय झालं ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. तिथे बेरोजगार, विद्यार्थी वगैरेंना मिळणारा भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. ज्यांना जास्त भत्ता दिला गेला ते शोधण्यासाठी सरकारने एक यंत्रणा आणली, २०१६पासून ती जोरात चालली आणि ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. कर खात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न मिळत असे. यंत्रणा त्याला २६ने भागे आणि आलेला आकडा म्हणजे प्रत्येक पंधरवड्याची कमाई, असं धरून चाले. समजा एका मुलीने सहा महिने नोकरी केली, दर पंधरवड्याला २००० डॉलर, एकूण २६,०००. उरलेले सहा महिने ती बेकार होती आणि तिने रीतसर भत्ता घेतला. २६ने भागल्यावर दिसतं, की ती वर्षभर पंधरवड्याला १००० मिळवत होती, म्हणजे बेकारीच्या काळातही. झाली ती देणेकरी. पत्र जाई, आणि आपण तेव्हा कमावत नव्हतो हे सिद्ध करणं तिच्यावर, कधी कधी काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून.

ही पद्धत बेकायदा ठरली. मे २०२०मध्ये सरकारने सुमारे ४,७०,००० वसुल्यांचे ७२.१ कोटी डॉलर परत करायचं जाहीर केलं, आणि जुलै २०२३मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यामागची माणसांची दैना मोठी आहे, ती आकड्यांत मावणारी नाही. मला इथे दाखवायचा आहे तो एकच जोड. वर्षाचं उत्पन्न हे ‘शब्द’ होतं, एका खात्याने दुसऱ्याला सांगितलेलं, आणि ते बहुधा बरोबरही होतं. २६ने भागल्यावर ते ‘अनुमान’ झालं. आणि पत्र छापलं गेलं ते प्रत्यक्षाच्या क्रियापदात.

आपल्याकडची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. २०२२ साली हरियाणात रोहतकला एका १०२ वर्षांच्या गृहस्थांनी नवरदेवासारखी वरात काढली, रथ, नोटांचा हार, सगळा थाट. कागदोपत्री ते मृत ठरल्यामुळे त्यांचं पेन्शन थांबलं होतं आणि आपण जिवंत आहोत हे त्यांना सरकारला दाखवायचं होतं. ‘मृत’ ही नोंद कोणी, कशावरून केली हे त्या रकान्याला सांगता येत नव्हतं. गावात हीच बातमी ‘गेले म्हणे’ अशी फिरली असती, आणि कोणीतरी घरी डोकावून आलं असतं.

तर अशी भाषा कल्पून पाहू जिच्यात मूल्याला जात असते तसं प्रमाणही असतं, आणि ते लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. पाहिलेलं, सांगितलेलं, ताडलेलं, गृहीत. मिसळीचे नियम साधे: बेरजेत किंवा भागाकारात जे सर्वात कच्चं, तो निकालाचा दर्जा. पाहिलेल्यात ताडलेलं मिळवलं की ताडलेलं. ‘नोटीस काढ’ या आज्ञेच्या दारावर लिहिलेलं, की इथे फक्त पाहिलेलं किंवा त्या व्यक्तीने स्वतः कबूल केलेलं चालेल. २६ने भागलेला आकडा घेऊन या दाराशी गेलात तर प्रोग्राम तयारच होणार नाही.

हे हवेतलं नाही. लॅरी वॉल यांची मघा बाजूला ठेवलेली गोष्ट ती हीच. पर्लला एका विशिष्ट रीतीने चालवलं, तर बाहेरून आलेली प्रत्येक माहिती, मग ती वापरणाऱ्याने टंकलेली असो की फाइलमधून वाचलेली, ‘डागाळलेली’ धरली जाते. तिच्यापासून जे जे बनतं तेही डागाळतं. डाग असताना तिच्या आधाराने फाइल पुसणं किंवा दुसरी आज्ञा चालवणं भाषा नाकारते. हेतू सुरक्षेचा होता, चोरट्यांना आवरण्याचा. पण व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर प्रोग्रामिंगच्या भाषेला मिळालेला हा पहिला ‘म्हणे’ म्हणायला हरकत नाही. संशोधकांनी पुढे याहून बारीक व्यवस्था केल्या, माहिती कुठून कुठे जाऊ शकते हे जातींमध्येच लिहिणाऱ्या. त्या प्रयोगशाळेच्या फार बाहेर आल्या नाहीत.

कोणी म्हणेल, यासाठी भाषा कशाला हवी, डेटाबेसमध्ये ‘स्रोत’ नावाचा एक रकाना वाढवा की. वाढवतातही. तो मराठीतल्या ‘म्हणे’सारखा असतो, ज्याला आठवलं तो लावतो. आणि वाक्य पुढे सरकताना सगळ्यात आधी गळतं ते हेच शेपूट, हे चावडीवर बसणाऱ्या कोणालाही विचारा.

खरा आक्षेप दुसरा आहे आणि तो मला सहजी खोडता येत नाही. सक्तीचं कर्मकांड होतं. जावा या भाषेने प्रोग्रामरवर सक्ती केली, की अमुक आज्ञा फसू शकते, तर फसल्यावर काय करणार ते लिही. प्रोग्रामरांनी काय लिहिलं? पुष्कळांनी रिकामा कंस. फसलं तर काहीही करू नको. पर्लमधला डाग काढायचा तर माहिती अपेक्षित साच्यात बसते का हे तपासून घ्यावं लागतं, आणि तिथेही ‘काहीही चालेल’ अर्थाचा साचा लिहून मोकळे होणारे निघाले. सहीच्या जागी सही, शिक्क्याच्या जागी शिक्का. ‘पाहिलेलं’ असं डोळे मिटून लिहायला कितीसा वेळ लागतो? तुर्की माणूसही खोटं बोलतोच, फक्त व्याकरणशुद्ध.

शिवाय रोबोडेट प्रोग्रामरांच्या विसरभोळेपणातून झालं नाही. सरासरी काढून देणं ठरवणं कायद्यात बसत नाही, असा सल्ला संबंधित खात्यातल्या कायदेतज्ज्ञांनी २०१४मध्येच दिला होता. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांच्यातल्या काहींना ठाऊक होतं. अशा ठिकाणी कंपायलर काय करणार?

एवढंच करू शकेल, की ती गोष्ट कोणाला तरी लिहायला लावेल. आजच्या भाषेत अनुमानाचं प्रत्यक्ष होतं ते आपोआप, कोणीही काहीही न करता, रकान्यातून रकान्यात जाताना. कल्पिलेल्या भाषेत त्यासाठी एक ओळ लागेल: ‘हे ताडलेलं आहे, तरी पाहिलेलं धर.’ कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती कोणी, कोणत्या तारखेला लिहिली हे दाखवणारी आज्ञा आज जवळपास सगळे प्रोग्रामर वापरतात, आणि तिचं नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे, असं आहे. ती ओळ लिहिणारा बिचारा हाताखालचा माणूस असेल. पण लिहिण्याआधी तो वर विचारायला जाईल: साहेब, ही ओळ घालू ना? लेखी द्याल का? अशा प्रश्नांनी कामं अडतात, पुढे ढकलली जातात, कधी रद्दही होतात. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

हे सगळं लिहीत असताना दुसरीकडे डाइक्स्ट्रा यांची भीती वेगळ्याच वाटेने खरी होऊ लागली आहे. आता यंत्राला सरळ मराठीत सांगता येतं, की मला असा असा प्रोग्राम लिहून दे, आणि ते लिहून देतं. नैसर्गिक भाषा प्रोग्रामिंगच्या भाषेची जागा घेणार, असं म्हणणाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो. पण या नव्या ऐकणाऱ्याचा आपण होऊन ‘तुला हे कशावरून कळलं’ असं विचारण्याकडे कल कमीच. ‘वर्षाच्या उत्पन्नावरून पंधरवड्याची कमाई काढ’ म्हटलं की तो २६ने भागून देतो, नम्रपणे. आणि स्वतः बोलताना वाचलेलं, ताडलेलं आणि रचलेलं तो बहुतेक वेळा एकाच ठाम सुरात सांगतो. आयमारा आजीने त्याच्याविषयी काय मत केलं असतं कोण जाणे.

उलट बाजूने पाहायचं तर प्रमाणाची खूण शेवटपर्यंत टिकली, अगदी पत्र छापणाऱ्या ओळीपर्यंत, तर काय होईल? त्या मुलीच्या घरी जाणाऱ्या कागदावर ‘बेकारीच्या काळात तुम्ही पंधरवड्याला १००० डॉलर मिळवले’ असं छापता येणार नाही. ‘मिळवले असावेत’ असं छापावं लागेल. आणि त्याखाली ‘तरी अमुक तारखेपर्यंत पैसे भरावेत’ हे वाक्य जोडायला बसलेल्या कारकुनाला ते जोडताना थोडं अवघडल्यासारखं होईल.